इवाई, शॉकअप कडकच होते

इवाई, माझ्याच गाडीच्या मागच्या सीटवर बसायची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती. तुमच्या अस्थी घेऊन पवनारला निघालो, तेव्हा आली.

प्रशांत म्हणाला, "बाबा, आज तुम्ही नका चालवू, मी चालवतो." एरवी मी किल्ली पोराच्या हाती दिली नसती, हे तुम्हाला माहीत आहे. पण त्या दिवशी दिली. पुढे प्रशांतच्या बाजूला तुमचा पुतण्या मडकं मांडीवर घेऊन बसला. मागे मी आणि तुमची पोरगी. तुमची पोरगी म्हणजे माझी सून, माया. मी दार उघडून आत बसणार, तेवढ्यात तिने खांद्यावरची शाल काढली, घडीवर घडी घातली आणि माझ्या बसायच्या जागेवर ठेवली.

"हे कायले?"

"बसा ना मामाजी त्याच्यावर. नाई तं लागते."

"काय लागते?"

ती खिडकीबाहेर पाहत राहिली. मी शाल उचलून बाजूला ठेवली. गाडी माझी, शॉकअप नवे, मला काय लागणार होतं?

सिंदी मेघेच्या तुमच्या गल्लीच्या तोंडाशी तो ब्रेकर आहे ना, त्याच्यावरच मला समजलं. खालून कोणी मुसळ मारावं तसा दणका बसला. कमरेतून निघाला तो मानेपर्यंत गेला. मला वाटलं, पोराने जोरात घातली. "हळू ना बे," म्हणालो. "हळूच हाय बाबा," तो म्हणाला, आणि खरंच गाडी बैलगाडीच्या चालीने चालली होती. पुढच्या खड्ड्यापाशी मी आपोआप दारावरचा दांडा धरला आणि बूड सीटवरून उचललं. उचललं आणि तसाच राहिलो. कारण तुम्हीही तसेच बसायचे. मी समोरच्या आरशात पाहायचो आणि म्हणायचो, "इवाई, यष्टीत उभ्यानं चालल्यासारखे दांडा धरून काऊन बसता? ऐसपैस बसा, घरची गाडी हाय." तुम्ही हसायचे आणि दांडा सोडून द्यायचे.

माझ्या सांगण्यावरून सोडायचे, इवाई. पुढचा खड्डा यायच्या आत.

पवनार येईपर्यंत मी मायाकडे पाहिलं नाही. शालही घेतली नाही. सगळा रस्ता अंगावर घेतला. तेवढ्याने काय होते, काही नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहिणं हे तुमचं काम होतं, तुम्ही पंचायत समितीत बाबू म्हणून जन्म काढला. मी सिंदी रेल्वेच्या बाजारात बियाणं आणि गुरांची ढेप विकली. लोक हसायचे, म्हणायचे एक सिंदी रेल्वेचा, एक सिंदी मेघेचा, सोयरीक जुळली तेही सिंदीतल्या सिंदीत. तुमच्यासारखी वाक्यं मला येत नाहीत. पण हे तोंडाने कोणाला सांगता येत नाही, म्हणून एकेक अक्षर लावत लिहितो.

तुमच्या मणक्यात रोग निघाला आणि सेवाग्रामच्या दवाखान्यात रोज रेडिएशनचा शेक घ्यायला जायचं ठरलं, तेव्हा मी म्हटलं होतं, आमच्याकडे येऊन राहा. तुम्ही कानाला हात लावला. पोरीच्या घरी राहायचं नाही, हा तुमचा नेम. लग्नानंतर कितीतरी दिवस तुम्ही माझ्या घरचं पाणीसुद्धा प्यायले नव्हते. चहा समोर ठेवला की म्हणायचे, आत्ताच घेऊन आलो. मला राग यायचा. मी म्हणायचो, शिकलेले असून जुन्या बुढ्यासारखे वागता. तुम्ही म्हणायचे, "शिकल्यानं बापपण बदलते काय, इवाई?" यावर आपलं भांडण अर्धंच राहिलं. तर तुम्ही येत नाही म्हटल्यावर मी ठरवलं, मी जाईन. रोज सिंदीहून सिंदीला जायचं, तुम्हाला घ्यायचं, वर्धा ओलांडून सेवाग्रामला न्यायचं, परत घरी सोडायचं. प्रशांत म्हणाला, बाबा, वय पाहा. मी म्हटलं, वय माझं हाय, तुले काय करायचं?

डॉक्टरने तुम्हाला सांगितलं होतं, धक्के टाळा. माझ्या गाडीचे शॉकअप तेव्हा मेलेले होते. गाडी पाळण्यासारखी झुलायची. मी त्याच आठवड्यात गजू मिस्त्रीकडे नेली. शॉकअप बदलले ते तुमच्यासाठीच बदलले, हे देवाला माहीत आहे. मी स्वतःसाठी बदलले असते तर एवढं लागलं नसतं.

गजूने विचारलं, "काका, कोणते टाकू? साधे का कडक?"

"फरक काय?"

"कडक म्हणजे माल वाहणाऱ्या गाडीचे. पोते-बिते नेत असान तं चांगले. बसायले साधे बरे."

मी जन्मभर पोती वाहिली. माझ्या डोक्यात कडक म्हणजे मजबूत, आणि मजबूत म्हणजे चांगलं. साधं म्हणजे स्वस्तातलं, टाकाऊ. माझ्या इवायाला मी साधं देणार? म्हटलं, "कडक टाक."

टाकून झाल्यावर मी तपासले. शॉकअप तपासायची रीत मला टेंपो चालवायच्या दिवसांपासून येते. गाडीच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी भार द्यायचा, दाबायची आणि सोडून द्यायची. शॉकअप गेलेला असला तर गाडी वर-खाली, वर-खाली होत राहते. चांगला असला तर दबते, एकदा वर येते आणि जागेवर थांबते. मी दाबली. गाडी हलली नाही. अजून जोर लावला. सोबत आलेल्या प्रशांतला हाक मारली, बापलेकांनी मिळून दाबली. नावापुरती दबली आणि उभी राहिली. मी डिकीवर थाप मारली.

"पाह्य, गजू. याले म्हणतात शॉकअप. पहाड हाय पहाड."

गजू डोकं खाजवत म्हणाला, "काका, थोडी तं दबायले पाह्यजे."

"दबायले ते का उशी हाय?"

"तसं नाई. पण कोणाले मागं बसवून खराब रस्त्यानं एक चक्कर मारा. मागच्या शॉकअपचं मागं बसणाऱ्यालेच समजते. नाई तं तुमीच बसा, मी चालवतो."

मी म्हटलं, माझी गाडी दुसरा चालवील आणि मी मागे बसून राहीन, असा दिवस यायचा आहे. तो दिवस कसा आला ते वर लिहिलंच आहे.

म्हणून तपासायला तुम्ही बसले. तसंही पुढच्या सीटवर तुमचा पाय लांब होत नव्हता, मागे आडवं-तिडवं बसता यायचं. पहिल्या दिवशी मी मुद्दाम उखडलेल्या रस्त्याने घातली. सेवाग्रामकडे नवीन रस्त्याचं काम चाललं होतं, नुसती गिट्टी पडली होती. त्या गिट्टीवरून नेली आणि आरशात पाहून विचारलं, "इवाई, कशी वाटते?"

तुम्ही म्हणाले, "मखमल."

"खरं सांगून राह्यले ना? काही असंन तं बोला, मिस्त्री घरचाच हाय."

"खोटं कायले सांगू? मखमल हाय, इवाई."

मी त्या दिवशी परत येऊन बाजारात सगळ्यांना सांगितलं. चहाच्या टपरीवर सांगितलं. गजूला तर तीनदा सांगितलं, की अरे, ज्याच्या मणक्यात रोग आहे तो माणूस मखमल म्हणतो, आणि तू मला शिकवतो? तो म्हणाला, मग काही प्रश्नच नाही काका. गजूचं चुकलं नाही. एकदा इवायाने पास केल्यावर मिस्त्री काय बोलणार?

माझ्या ध्यानात एक गोष्ट आली नाही. तुम्ही मुलीचे बाप. मुलीच्या बापाने मुलाच्या बापाच्या घरात मिठालाही नाव ठेवू नये, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असते. गाडी तर दूरच. आणि मी गाडी तपासायला नेमकं त्या माणसाला बसवलं, ज्याला खोड काढायची मुभाच नव्हती. दुसरा कोणीही बसला असता, गजूचा हेल्पर, रस्त्यावरचा कोणी, तरी त्याने शिवी देऊन सांगितलं असतं.

मुलाच्या बापाला मात्र सगळी मुभा असते. प्रशांतच्या लग्नात तुम्ही आमच्या वऱ्हाडाला बस पाठवली होती. बसच्या सीटा कडक होत्या, रस्ताही वाईट होता. मी मांडवाच्या तोंडाशी उतरलो आणि शंभर माणसांत म्हणालो, "इवाई, बस धाडली का गिट्टीचा ट्रक? आमच्या लोकाईची हाडं खिळखिळी झाली." माणसं हसली. तुम्ही हात जोडले. "चुकलं इवाई, परतीले दुसरी पाहतो," म्हणाले, आणि खरंच हातातलं सगळं सोडून दुसरी बस शोधायला गेले. तुमच्या पोरीचं लग्न लागलं तेव्हा तुम्ही बसस्टँडवर होते की मांडवात, हे मला आजपर्यंत माहीत नाही. तेव्हा मला वाटलं होतं, मी आपल्या माणसांसाठी बोललो, काय वाईट केलं?

पवनारहून आल्यापासून मी एकेक दिवस उलगडून पाहतो आहे. पाहिलं की दिसते.

तुम्हाला पाट्या वाचायची सवय होती. रस्त्याने जाताना दुकानांच्या, भिंतींवरच्या, ट्रकच्या मागच्या, सगळ्या पाट्या तुम्ही मोठ्याने वाचायचे. "येथे दात बसवून मिळतील." "घर भाड्याने देणे आहे, फक्त शाकाहारी." "बघतोस काय रागाने, ओव्हरटेक केलंय वाघाने." वाचून हसायचे. पहिल्यांदा मला वाटलं, बाबूची सवय, कागद नाही तर भिंत वाचतो. पुष्कळ दिवसांनी समजलं, तुम्ही माझ्यासाठी वाचत होते. मला अक्षर लावायला वेळ लागते, चालत्या गाडीतून तर एकही पाटी लागत नाही, हे तुम्ही कधी ओळखलं कोण जाणे. ओळखलं आणि मला न लाजवता, आपल्यालाच वाचायचं आहे असं दाखवून, सगळा रस्ता वाचून दाखवत राहिले. याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. मानले असते तर मला धड वाचता येत नाही हे कबूल करावं लागलं असतं.

तर ते वाचणं बंद झालं. नवे शॉकअप टाकल्यानंतरच बंद झालं. एक-दोनदा तुम्ही सुरू केलं, अर्धी पाटी वाचली आणि धक्का बसून आवाज तुटला. मग राहूनच गेलं. मी घरी येऊन तुमच्या विहीणबाईला सांगितलं, इवाई आता चूप चूप राहतात, रोग आतून पोखरून राह्यला वाटते. ती माझ्याकडे पाहून आत निघून गेली. आता समजते का गेली ते. परवा मी तिला विचारलं तर म्हणाली, "मी शॉकअप टाकल्यापासून पुढंच बसते. काऊन बसते म्हणून इचारलं का कधी?"

नाही विचारलं. मला वाटलं, म्हातारपणी नवऱ्याजवळ बसावंसं वाटते.

आणि ते ऑटोचं. एके दिवशी मी दारात हॉर्न वाजवला तर तुम्ही बाहेर येऊन म्हणाले, "इवाई, आज तुमी आराम करा. मी ऑटोनं जातो. ऑटोत मोकळी हवा लागते."

"गाडीत खिडक्या नाईत का?"

"खिडक्या हायेत. पण तुमाले रोजचा तरास."

"तरास कोणाले होऊन राह्यला? मले होऊन राह्यला का तुमाले?"

तुम्ही थांबले. इवाई, त्या वेळी तुम्ही थांबले होते. मी पाहिलं होतं. तोंडाशी काहीतरी आलं होतं. पण मी तुम्हाला वेळ कुठे दिला? मी म्हणालो, "मुलाच्या बापाची गाडी दारात उभी असताना मुलीचा बाप ऑटोनं दवाखान्यात गेला, हे लोकाईनं पाह्यलं तं माह्या तोंडात शेण घालतीन. बसा चुपचाप." आणि तुम्ही चुपचाप बसले. मी बोललो तेच तुम्ही केलं. शब्दाशब्दाने.

नंतर आणखी दोन-तीनदा तुम्ही ऑटोचं काढलं. एकदा म्हणाले, गल्लीतला ऑटोवाला ओळखीचा आहे, त्यालाही धंदा होईल. एकदा म्हणाले, तुमच्या दुकानाचे दिवस आहेत, पेरणीचा मोसम तोंडावर आहे. मी दर वेळी उडवून लावलं. घरी येऊन फुगून सांगितलं, इवाई लय संकोची माणूस आहे. म्हटलं, मी आहे म्हणून सांभाळून घेतो.

सगळ्यात वाईट ते सांगतो. शॉकअप चालतो का नाही हे पाहायची आणखी एक रीत आहे. गाडी खराब रस्त्यावरून चालवून आणायची आणि उतरल्याबरोबर शॉकअपला हात लावायचा. काम करत असला तर तो गरम लागतो. थंड लागला तर समजायचं, बसल्या जागी बसून आहे. मी सेवाग्रामला पोचलो की गाडी उभी करायचो, खाली उतरायचो, मागच्या चाकापाशी वाकायचो आणि आत हात घालून पाहायचो. गरम लागला की मला आनंद व्हायचा. "इवाई, गरम हाय! काम करून राह्यला." तेव्हा तुम्ही दाराला धरून एक पाय खाली टाकत असायचे. दुसरा पाय निघायला वेळ लागायचा. तुम्ही वरून म्हणायचे, "हो का? बरं झालं." माझा हात चाकाच्या आत होता, इवाई. तुम्हाला द्यायचा होता तो.

मी सेवाग्रामला जाऊन त्या तरण्या डॉक्टरला विचारून आलो. आपण ज्याला पोरगं म्हणायचो, तोच. त्याला सगळं सांगितलं, शॉकअप कसे, कोणते, किती कडक. विचारलं, या धक्क्यांनी माझा इवाई लवकर गेला का? तो म्हणाला, "नाही काका, तो रोगच तसा होता. धक्क्यांनी रोग वाढत नाही." मग थोडं थांबून, फाईलमध्ये पाहत म्हणाला, "दुखणं वाढतं." मी त्याला रामराम केला. पार्किंगमध्ये येऊन गाडीत बसलो, आणि किल्ली लावायची हिंमत झाली नाही.

पवनारला अस्थी धाम नदीत सोडल्या, तुमचा पुतण्या आंघोळीला उतरला, प्रशांत त्याच्याजवळ उभा राहिला. माया काठावरच्या दगडावर बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो. रडून रडून तिचं तोंड सुजलं होतं. अशा वेळी कोणी विचारत नाही, पण मी असाच आहे, मला थांबता येत नाही.

"तुले माहीत होतं?"

"काय, मामाजी?"

"गाडी लागते म्हून."

ती पाण्याकडे पाहत म्हणाली, "हो."

"तुह्या बापानं सांगितलं?"

"बाबांनी नाई सांगितलं. मी एक दिवस संगं गेलती ना, मागं बसली होती. तवाच समजलं. परत येऊन बाबांना म्हटलं, मी मामाजींना सांगते. तं बाबा माह्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ओरडले."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तो माणूस एवढ्या लांबून रोज येते. दुकान सोडून येते. त्याच्या गाडीले नाव ठेवशीन तं त्याले काय वाटंन? एक शब्द काढायचा नाई." मग ती म्हणाली, "मी उशी देऊन ठेवली होती. पण बाबा उशी घरीच ठेवून जायचे. उशी पाह्यली तं तुम्ही इचारसान म्हून."

"अन् तू? तुले तोंड नव्हतं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "मी बोलली असती, तं तुम्ही काय म्हटलं असतं?"

उत्तर मला तोंडपाठ होतं. मी म्हटलं असतं, तुझ्या बापाच्या दारात कोणती मोठी गाडी उभी होती? हे मी म्हटलं असतं, इवाई. तिलाही ते माहीत होतं. तिथे उभ्या उभ्या आम्हा दोघांनाही ते ऐकू आलं.

तुमची तेरवी झाली आणि दुसऱ्याच दिवशी मी गाडी गजूकडे नेली. म्हटलं, काढ हे. तो म्हणाला, "काका, हे तं नवेच हायेत, अजून खूप चालतीन." मी म्हटलं, चालतात म्हणूनच काढ. त्याने माझ्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही, काढले. साधे टाकले. मी कोपरा दाबून पाहिला. दबला, वर आला, थांबला. मन म्हणालं, झालं. पण आता माझ्या हाताच्या दाबण्यावर माझाच भरवसा राहिला नाही. घरी आलो आणि मायाला हाक मारली.

"चाल, गाडीत बस. मागं."

"मी? कुठं जायचं हाय?"

"कुठंच नाई. शॉकअप पाह्यचे हायेत."

तुमची विहीणबाई दारातून म्हणाली, "तिच्या मागं काऊन लागले? सयपाक अर्धा पडला हाय तिचा."

"पडू दे."

माया पदर खोचत आली आणि मागे बसली. मी सेलूच्या रस्त्याला लागलो. जिथे जिथे खड्डा दिसला तिथे घातली. आरशात पाहिलं नाही. आरशात पाहिलं की माणूस हसून दाखवते. बरंच पुढे गेल्यावर विचारलं, "कशी हाय?"

आणखी एक खड्डा गेला.

"माया, खरं सांगजो. खोटं सांगशीन तं मी गाडी इथंच उभी करीन अन् पैदल घरी जाईन."

"उजवीकडून बरी हाय, मामाजी." मग श्वास घेतल्यासारखं केलं. "डावीकडून अजून लागते."

इवाई, माझं डोकं सरकलं. खरं सांगतो. इतकं सगळं होऊन, पवनारहून तसा येऊन, तुमच्या फोटोला हार घालून, तरी सरकलं. तोंडातून निघालंच, "आज टाकले! अजून रंग निघाला नाई त्याचा! लागते कसं?"

"ते मले नाई माहीत," ती म्हणाली. आवाज तुमचाच, हळू, बाबूच्या पोरीचा. "पण लागते."

मी गाडी कडेला घेतली. तशीच सुरू ठेवून बसलो. एक ट्रॅक्टर ढेपेची पोती घेऊन गेला, त्याने हॉर्न दिला, मी हात वर केला नाही. मायाने शब्द मागे घेतला नाही. मला वाटलं होतं, घेईल. वाट पाहत होतो मी, की ती म्हणेल, नाही मामाजी, तसं काही विशेष नाही, चालते. तसं ती म्हणाली नाही. मग मी गाडी फिरवली आणि सरळ गजूकडे आणली.

गजूने चाक काढलं, हात घातला आणि हसला. डाव्या शॉकअपचं वरचं रबर वाकडं बसलं होतं. "काका, हे तुमाले समजलं कसं? बाहेरून तं दिसत नाई."

मी म्हटलं, "मले नाई समजलं. माह्या सुनेले समजलं." माया गॅरेजच्या फाटकापाशी उभी होती. तिने ऐकलं का नाही, मला माहीत नाही. मी मोठ्यानेच म्हटलं होतं.

आता रात्रीबेरात्री नाही, भर दिवसा दुकानात बसल्या बसल्या मी तुमच्याशी भांडतो. म्हणतो, एवढंच तर म्हणायचं होतं, इवाई. "लागते." पोरीने म्हटलं तसं. मी चिडलो असतो, हे खरं. तुमाले गाडीची काय अक्कल, असं म्हणालो असतो. घरी येऊन आदळआपट केली असती. दोन-चार दिवस रुसून तुमच्याकडे आलो नसतो, तुम्ही आरामात ऑटोने गेले असते. मग एका सकाळी कोणाला न सांगता मी गजूकडे गेलो असतो आणि शॉकअप बदलून तुमच्या दारात हॉर्न वाजवला असता. चुकलो म्हणालो नसतो. पण बदलले असते.

बदललेच असते, इवाई. याची मला खात्री आहे. तुम्हाला नव्हती.